इंदूरमध्ये नोकरी न सोडता पदव्युत्तर पदवी: कुठून सुरुवात करायची आणि कुठे अडतं

पिथमपूरच्या कारखान्यात दोन-तीन वर्षं काढली, किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत जम बसला, की "पुढे शिकायचं की नाही?" हा प्रश्न घरातूनच येतो. नोकरी ठेवून पदव्युत्तर पदवी करता येते आणि इंदूरमध्ये त्याचे रस्ते तीन-चार तरी आहेत. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. कॉलेज आणि विषय आधी ठरतो, फी भरली जाते, आणि आपली शिफ्ट त्यात बसते का हे नंतर पाहिलं जातं.

हा लेख ज्यांची नोकरी आणि पदवी एकाच क्षेत्रातली आहे त्यांच्यासाठी आहे: कारखान्यातला अभियंता एम.टेक. करतोय, कर सल्लागाराकडे काम करणारी एम.कॉम. करतेय, शाळेतले सर आपल्याच विषयात एम.ए. करताहेत. नोकरी आणि विषय वेगळे असतील तर सहावी पायरी सोडा, बाकीच्या तुम्हालाही लागू आहेत.

१. आधी तास मोजा

दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला साधारण ८० क्रेडिट्स असतात. दूरस्थ शिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात वाचन, स्वाध्याय, व्हिडिओ, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे एकूण २,४०० तास. ते असे पसरतात:

- २ वर्षांत: आठवड्याला सुमारे २३ तास
- ३ वर्षांत: आठवड्याला सुमारे १५ तास
- ४ वर्षांत: आठवड्याला ११-१२ तास

आठवड्याला २३ तास म्हणजे रोज संध्याकाळी अडीच तास आणि शनिवार-रविवार मिळून दहा-अकरा तास, तेही लग्न, आजारपण, पाहुणे, ओव्हरटाइम काहीही न येता सलग दोन वर्षं. काहींना जमतं. पिथमपूरला रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर आणि वर फिरती शिफ्ट असेल, तर हा हिशेब पहिल्याच सत्रात कोलमडतो. विषय रोजच्या कामातला असेल तर काही पेपरांना कमी तास लागतात हे खरं, पण ती सूट मनातल्या मनात आधीच वापरून टाकू नका.

म्हणून स्पष्ट सल्ला: ज्या अभ्यासक्रमात वर्षं वाढवायची मुभा आहे तो घ्या, आणि पहिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या हिशेबाने चाला. इग्नूच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला कमाल मुदत चार वर्षांची आहे. अंशकालीन एम.ई., एम.टेक. मुळातच बहुधा तीन वर्षांचं असतं. दोन वर्षांत उरकायचा हट्ट फारसा कुणाच्या कामी येत नाही, बढतीच्या मुलाखतीतही कुणी विचारत नाही की दोन लागली की तीन.

२. शिफ्टला मानवेल अशी पद्धत निवडा

*नियमित (रेग्युलर).* ७५ टक्के हजेरीची अट असते आणि वर्ग दिवसा. पूर्णवेळ नोकरीसोबत हे प्रामाणिकपणे होत नाही. "फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघू" असं सांगणारी कॉलेजं सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. पुढे नोकरी बदलताना पार्श्वभूमी तपासणीत एकाच काळात पूर्णवेळ नोकरी आणि नियमित पदवी दिसते, आणि मग दोन्हीपैकी एका कागदावर संशय येतो. बहुतेक वेळा अनुभवाचाच कागद बाद धरला जातो.

*अंशकालीन (पार्ट टाइम).* अभियंत्यांसाठी हा सर्वांत सरळ रस्ता. एसजीएसआयटीएस या इंदूरच्या अभियांत्रिकी कॉलेजमध्ये नोकरदारांसाठी अंशकालीन पदव्युत्तर अभ्यासक्रम चालत आले आहेत, यंदा कोणत्या शाखांना जागा आहेत ते त्या वर्षीच्या प्रवेश नियमावलीत पाहा. अर्ज करताना नोकरीच्या ठिकाणाचं अंतर, किमान अनुभव आणि मालकाचं ना-हरकत पत्र या तीन अटी आधी वाचा.

कॉलेज शहराच्या मध्यात आहे आणि वर्ग संध्याकाळी. जनरल शिफ्ट सुटून कंपनीच्या बसने पिथमपूरहून राऊमार्गे येणाऱ्याचा पहिला तास बुडण्याची शक्यता धरूनच चला. फिरत्या शिफ्टमध्ये दुसऱ्या पाळीचा आठवडा अख्खा बुडतो. तीन आठवड्यांत एक आठवडा गेला म्हणजे हजेरी ६६ टक्क्यांवर आली, ७५ची अट तिथेच मोडली. त्यामुळे कायम जनरल शिफ्ट, किंवा निदान पहिली आणि तिसरी पाळीच, असं लिहून मिळत नसेल तर अंशकालीनच्या वाटेला जाऊ नका.

*ऑनलाइन आणि दूरस्थ.* इग्नू आणि भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ ही दोन नावं सगळ्यांना माहीत आहेत. आयटीतल्यांसाठी आयआयटी इंदूर आणि आयआयएम इंदूर मिळून चालवत असलेली डेटा सायन्स अँड मॅनेजमेंटमधली एम.एस. पदवी आहे, वर्ग ऑनलाइन असतात. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांनी मात्र थेट वर्ग किती आणि रेकॉर्डिंग किती, हे विचारल्याशिवाय कुठल्याही ऑनलाइन अभ्यासक्रमाची फी भरू नये. संध्याकाळी सात ते दहाचा थेट वर्ग आणि त्याच वेळची क्लायंट-मीटिंग, यात मीटिंगच जिंकते.

*स्वाध्यायी.* मध्य प्रदेशात खाजगी परीक्षार्थी म्हणून एम.ए., एम.कॉम. करायची जुनी पद्धत आहे. वर्ग नाहीत, परीक्षा द्यायची. खर्च सर्वांत कमी, शिस्त सर्वांत जास्त लागते. देवी अहिल्या विद्यापीठाची त्या वर्षीची अधिसूचना पाहूनच ठरवा, शेजाऱ्याच्या मुलीने केलं होतं या माहितीवर नको.

आणखी एक गफलत नेहमीची. अभ्यासक्रमाच्या नावात "एक्झिक्युटिव्ह" आहे म्हणजे तो नोकरीसोबत होतो, असं नाही. आयआयएम इंदूरचा ईपीजीपी हा एक वर्षाचा पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम आहे, त्यासाठी नोकरी सोडावी किंवा रजा घ्यावीच लागते. उलट, "एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम" म्हणून विकले जाणारे सहा-आठ महिन्यांचे बरेच कोर्स फक्त प्रमाणपत्र देतात, पदवी नाही.

३. मान्यता स्वतः तपासा

भंवरकुआँ परिसरात क्लासेसच्या पाट्यांमधून दूरस्थ पदवीचे एजंटही बसलेले असतात. त्यांच्याकडून माहिती घ्यायला हरकत नाही, प्रवेश घेऊ नका. ऑनलाइन-दूरस्थ पदव्यांची यादी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरस्थ शिक्षण मंडळाच्या म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर असते. तिथे विद्यापीठाचं नाव दिसलं एवढ्यावर थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशसत्र (जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी) या दोन्हींसाठी मान्यता आहे का, ते बघा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने चालत नाही. "डिस्टन्स एम.टेक." म्हणून कुणी देत असेल तर विषय तिथेच संपवा.
- मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांसारख्या आरोग्याशी संबंधित विषयांना यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइनची दारं बंद केली. समुपदेशक म्हणून काम करत ऑनलाइन एम.ए. मानसशास्त्र करू, असा बेत जुन्या माहितीवर आखू नका.
- "मागच्या तारखेची पदवी", "एका वर्षात दोन वर्षं" हे शब्द कानावर आले की उठून बाहेर या.
- मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या समकक्ष असल्याचं यूजीसीने २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरी आपल्या कंपनीचं बढतीचं धोरण काय म्हणतं, हे मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

४. कंपनीकडून काय लिहून घ्यायचं

साहेब तोंडी "कर रे, काही अडचण नाही" म्हणतात, आणि वर्षभरात त्यांची बदली होते. म्हणून तीन गोष्टी कागदावर हव्यात.

पहिलं, शिकण्याची परवानगी किंवा ना-हरकत पत्र. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत हे अर्ज करण्यापूर्वीच लागतं, प्रवेशानंतर मागितलं तर स्पष्टीकरण द्यावं लागतं. पत्रात अभ्यासक्रमाचं नाव, संस्था, पद्धत आणि कालावधी हे चारही यायला हवेत. नुसतं "उच्च शिक्षणास हरकत नाही" एवढं पुढे कुचकामी ठरतं.

दुसरं, शिफ्ट आणि परीक्षेच्या रजेबद्दल ईमेल. खाजगी कंपन्यांत अभ्यासासाठी वेगळी रजा क्वचितच असते, अर्जित रजाच खर्ची पडते. एका सत्रात पाच पेपर धरले तर पेपरांचे पाच आणि तयारीचे तीन-चार, म्हणजे वर्षाला सोळा-अठरा दिवस. एवढी रजा शिल्लक राहत नसेल तर एका परीक्षेला दोन-तीनच पेपर बसवा.

तिसरं, कंपनीची माहिती प्रकल्पात वापरण्याची परवानगी. ते सहाव्या पायरीत.

५. कागदपत्रं

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र
- टीसी, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन
- आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा क्रमांक), फोटो
- मूल निवासी आणि जातीचा दाखला (लागू असल्यास)
- नोकरीचा अनुभव-दाखला, नियुक्तीपत्र, अलीकडच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, ना-हरकत पत्र
- पदवी आणि प्रवेश यांत खंड असेल तर शपथपत्र
- एबीसी किंवा अपार आयडी (ज्या खात्यात क्रेडिट्स जमा होतात त्याचा क्रमांक), आणि ऑनलाइन-दूरस्थसाठी डीईबी आयडी (डीईबीच्या पोर्टलवर काढायचा विद्यार्थी क्रमांक)

मायग्रेशन सर्वांत जास्त रखडतं. पुणे किंवा नागपूरहून पदवी घेऊन इंदूरला आलेल्यांनी ते प्रवेशाच्या दोन महिने आधी मागवावं. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर मध्य प्रदेशातलं राज्याचं आरक्षण मिळत नाही, हेही आधीच समजून घ्या.

डीईबी आयडी काढायचा तर क्रम असा: आधारवरचं नाव बरोबर आहे ना ते बघा, मग डिजिलॉकर, मग एबीसी आयडी, मग डीईबी आयडी, आणि शेवटी विद्यापीठाचा अर्ज. २०२४पासून ऑनलाइन-दूरस्थ प्रवेशाला हा आयडी लागतोच.

मराठी घरांतून सगळ्यात मोठा घोळ नावाचा होतो. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मध्य प्रदेशच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव, वडील वेगळ्या ओळीत. आधारवर तिसराच प्रकार. त्यात हिंदी कागदांवर काळेंचे काले आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं. संगणक याला एकच माणूस मानत नाही, आणि आयडी अडकतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसं आधार करून घ्या. उलटं करायला, म्हणजे गुणपत्रिका बदलायला, जाऊ नका, त्यात महिने जातात. विवाहित स्त्रियांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक अर्जाला सोबत जोडावं, मागितलं नसलं तरी.

एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर फॉर्म भरून घेणार असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कियॉस्कवाल्याचा ईमेल टाकला गेला की पुढची दोन-तीन वर्षं पासवर्डसाठी त्याच्या दुकानात खेटे घालावे लागतात.

६. प्रकल्प: नोकरीचा खरा फायदा इथे

पूर्णवेळ विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं, तुम्ही आत बसलेले आहात. पण याच ठिकाणी सर्वांत जास्त जण अडकतात. कारण विषय फार मोठा घेतलेला असतो.

"वाहन उद्योगातील गुणवत्ता सुधारणा" हा प्रकल्प नाही. "एका मशीनिंग सेलमधील एका भागाच्या रिजेक्शनची कारणं, सहा महिन्यांच्या नोंदींवरून" हा प्रकल्प आहे. एम.कॉम.साठी "जीएसटीचे परिणाम" नको. "दहा-बारा छोट्या व्यापाऱ्यांच्या खरेदी-वह्या आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) यांतली तफावत, आणि ती कुठल्या कारणाने येते" हे घ्या. आयटीत असाल तर आपल्याच टीमच्या एका सेवेचा प्रतिसाद-वेळ पुरेसा आहे. रोजच्या कामात ज्या नोंदी आपोआप जमा होतात, त्यांवरच प्रकल्प बेतायचा. वेगळा सर्व्हे काढलात की शनिवार-रविवार गेलेच.

करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

१. रूपरेषा सादर करण्याआधी कंपनीकडून माहिती वापरण्याचं पत्र घ्या. आधी विषय मंजूर करून घेतला आणि मग कायदा विभागाने नकार दिला, तर अख्खं सत्र पाण्यात.
२. पत्रात काय झाकायचं ते लिहून घ्या: ग्राहकांची नावं, भाव, ड्रॉइंग क्रमांक. प्रत्यक्ष आकड्यांऐवजी टक्के किंवा निर्देशांक वापरले तर बहुतेक कंपन्या तयार होतात.
३. मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या पात्रतेच्या अटी बघा. तुमचे विभागप्रमुख कितीही हुशार असले तरी अटीत बसत नसतील तर ते फक्त सहमार्गदर्शक. इग्नूत रूपरेषेसोबत मार्गदर्शकाचा सहीसह बायोडेटा लागतो, आणि मंजूर रूपरेषेची मूळ प्रत अहवालात जोडावी लागते. ती हरवू नका.
४. कंपनीचे जुने अहवाल जसेच्या तसे उतरवू नका, मग ते तुम्हीच लिहिलेले असोत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना एका वर्षाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द.

नोकरी बदलायची असेल तर अहवाल जमा केल्यावर बदला. राजीनामा दिलेल्या दिवशी माहितीचा दरवाजा बंद होतो आणि नवी कंपनी जुन्या कंपनीच्या प्रकल्पात रस घेत नाही.

७. वर्षाचं वेळापत्रक आपल्या धंद्याप्रमाणे लावा

इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. असाइनमेंट जूनसाठी साधारण मार्च-एप्रिलमध्ये, डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमा करावी लागते. मुदत अनेकदा वाढते, पण ती वाढेल या भरवशावर राहू नका. बहुतेक विषयांत असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के महत्त्व असतं.

आता हे आपल्या कामावर ठेवून बघा. कर सल्लागाराकडे काम करत असाल तर ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची आणि ३१ ऑक्टोबर ही ऑडिटवाल्यांच्या विवरणपत्रांची नेहमीची तारीख. नेमकी त्याच वेळी डिसेंबरची असाइनमेंट. त्यामुळे तुमच्यासाठी जड पेपर जूनला आणि हलके डिसेंबरला, आणि असाइनमेंट ऑगस्टमध्येच लिहून ठेवायची. शिक्षकांचं उलट: फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा आणि पेपर तपासणीत जातात, पण मे महिना मोकळा, म्हणून जूनची परीक्षा त्यांना मानवते, फक्त असाइनमेंट जानेवारीत संपवून. कारखान्यात मार्चअखेर उत्पादनाचा ताण असतो, तिथे डिसेंबरच बरा.

हाताने लिहायची असाइनमेंट असेल तर एका विषयाला दोन रविवार लागतात. पाच विषय म्हणजे दहा रविवार. गणपती आणि दिवाळी यांच्या मधले रविवार मोजून बघा, किती उरतात ते. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला कुठलंही काम काढू नका, हे इंदूरकराला सांगायला नको, बाहेरून आलेल्यांसाठी लिहिलं.

घरी जागा नसेल तर भंवरकुआँ, गीता भवन परिसरात महिन्याच्या फीवर बसायला मिळणाऱ्या लायब्रऱ्या आहेत. तिथे पुस्तकं नसतात, टेबल, दिवा आणि शांतता असते. तेवढंच हवं असतं.

८. पैशांचं थोडक्यात

गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्याला मिळणारं महिना १२,४०० रुपयांचं विद्यावेतन पगारासोबत घेता येत नाही. स्वतःच्या फीवर आयकरात वजावटही मिळत नाही, ती मुलांच्या शाळा-कॉलेजच्या शिक्षण शुल्काला आहे. शैक्षणिक कर्ज काढलं तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. कंपनी फी भरत असेल तर बंधपत्र नीट वाचा: किती वर्षं थांबायचं, आणि मुदत पदवी मिळाल्यापासून मोजणार की शेवटचा हप्ता भरल्यापासून. या एका ओळीने दीड-दोन वर्षांचा फरक पडतो.

९. परीक्षा, आणि त्यानंतरची कामं

परीक्षा फॉर्म आणि पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भरला म्हणजे दुसरी झाली असं नाही. पुनर्नोंदणी विसरून सहा महिने गमावणारे दर वर्षी असतात. दोन्हींची खिडकी उघडण्याच्या सुमारास मोबाइलमध्ये आठवण लावा आणि पावतीची छापील प्रत काढून ठेवा.

बदली झाली तर दूरस्थ अभ्यासक्रमात प्रादेशिक केंद्र बदलून मिळतं, अर्ज मात्र परीक्षा फॉर्मच्या आधी करायचा. अंशकालीनमध्ये ही सोय नाही, त्यामुळे बदली होणाऱ्या नोकरीत अंशकालीनचा विचार दोनदा करा.

निकाल लागल्यावर प्रोव्हिजनल प्रमाणपत्र लगेच काढा, मूळ पदवीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळं शुल्क असतं. गुण आणि क्रेडिट्स एबीसी खात्यात जमा झालेत का, डिजिलॉकरमध्ये पदवी दिसते का, ते तपासा. मग ना-हरकत पत्राची प्रत आणि प्रमाणपत्र जोडून मनुष्यबळ विभागाला सेवा-नोंदीत शिक्षण अद्ययावत करण्याचा अर्ज द्या, आणि पोच घ्या. बढतीची यादी निघते तेव्हा नोंदीत जे आहे तेवढंच बघितलं जातं.